मोरसचा सरदार

जुन्या मराठीत 'मोरस' असा एक शब्द होता. मोरस म्हणजे मॉरिशस, आणि तिथून आपल्याकडे येणारी दाणेदार पांढरी साखर ती मोरस साखर. आज हा शब्द फार थोड्यांना आठवत असेल. ही साखर मुंबई बंदरात उतरत होती त्याच काळात त्या बंदरातून कोकणातली आणि घाटावरची माणसे तो ऊस तोडण्यासाठी मोरसला जात होती. साखरेची आठवण निदान शब्दकोशात तरी राहिली. माणसांची आठवण शोधायची तर ती बेटावरच्या कागदांत, त्यांच्या वंशजांच्या बोलण्यात आणि काही कादंबऱ्यांत शोधावी लागते. या तीन ठिकाणी सापडलेले एकमेकांशी जुळत नाही. ते का जुळत नाही, हे या लेखात मला पाहायचे आहे.

आधी थोडा इतिहास. इंग्रजांनी १८१० साली हे बेट फ्रेंचांकडून घेतले. १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली आणि ऊसमळ्यांच्या मालकांना नवे हात हवे झाले. त्याच्या आदल्या वर्षी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'ॲटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले होते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, वर शिधा. करार म्हणजे 'ॲग्रीमेंट', त्याचे झाले 'गिरमिट'. पुढच्या सात-आठ दशकांत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे या बेटावर उतरली. ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून गेली. मुंबईचा वाटा तिन्हींत सर्वांत लहान होता, आणि तोही मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या दशकांतला. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या १६ दगडी पायऱ्या चढून ही माणसे आगारात जात, त्या अजून आहेत. त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ साली तिची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली.

माझे आजोळ मॉरिशसचे. माझी आई १९६८ साली, म्हणजे बेट स्वतंत्र झाले त्या वर्षी, शिष्यवृत्तीवर पुण्याला शिकायला आली आणि इथेच राहिली. तिची थोरली बहीण, माझी मावशी, बेटाच्या पश्चिमेला ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, वडिलांच्या घरातच राहते. लहानपणी दोनदा आणि मोठेपणी चारदा मी तिथे जाऊन आले. लहानपणीच्या भेटींतले फार आठवत नाही. समुद्र, उसाच्या रांगा, आणि त्या रांगांमध्ये मधूनच उभे असलेले काळ्या दगडांचे उंच ढीग एवढे आठवते. ते ढीग मला देवळांसारखे वाटत. ज्वालामुखीच्या त्या बेटावर उसासाठी जमीन मोकळी करताना मजुरांनी एकेक दगड उचलून ते रचले आहेत, हे मला फार नंतर कळले. भरती करणारे दलाल गावोगाव सांगत की मॉरिशसमध्ये दगड उलटला की खाली सोने सापडते. उत्तर हिंदुस्थानातून गेलेल्यांच्या घरांत ही गोष्ट अजून सांगतात. दगड उलटायचे काम तेवढे खरोखरच मिळाले.

मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे. हिंदी आप्रवाशांच्या नोंदवह्या तिथे जपलेल्या आहेत. वंशजाने अर्ज केला, जेवढी माहिती आहे तेवढी दिली, की उतारा मिळतो. आमच्या कुळातल्या पहिल्या माणसाची नोंद एका ओळीची आहे. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय २२, उंची पाच फूट दोन इंच, उजव्या भुवईवर व्रण, जात 'मराठा', जिल्हा रत्नागिरी, येण्याचे वर्ष १८५९. गावाचे नाव कारकुनाने ऐकून इंग्रजी अक्षरांत असे लिहिले आहे की ते कोंडगावही वाचता येते आणि कोंडयेही. १८५९ या एकाच वर्षात ४०,०००हून अधिक माणसे बेटावर उतरली. आगारातल्या कारकुनाला एका माणसामागे किती वेळ मिळत असेल, ते यावरून समजते. 'मराठा' या शब्दावरही फार भिस्त ठेवता येत नाही. मला पाहायला मिळालेल्या पानांवर एकामागून एक नावांपुढे तोच शब्द होता. मुंबईच्या जहाजातून आलेला कुणबी असो, महार असो की भंडारी, कारकुनाच्या लेखी तो मराठा झाला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आजही त्या बेटावर 'मराठी' हे भाषेचे नाव आहे तसेच समाजाचेही आहे. तुमची पोटजात कोणती, असे मला तिथे कोणी विचारले नाही. पुण्यात विचारतात.

एवढी ओळ हातात आल्यावर पुढे काय? माणूस कुठे झोपला, काय खाल्ले, कोणाला घाबरला, यातले काहीच त्या ओळीत नाही. म्हणून मी कादंबऱ्यांकडे वळले. पूर्वजांचे आयुष्य कादंबरीतून समजून घेणे हा मार्ग इतिहासाच्या अभ्यासकांना कच्चा वाटतो. मला तो उपयोगी वाटतो, पण कादंबरीला उत्तरे विचारू नयेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कोणते प्रश्न विचारायचे, हे मात्र कादंबरी शिकवते.

याचे चांगले उदाहरण अभिमन्यु अनत यांच्या 'लाल पसीना'चे. अनत (१९३७–२०१८) मॉरिशसमधल्या त्रियोले गावचे. आयुष्यभर त्यांनी हिंदीत लिहिले. १९७७ सालची ही कादंबरी ऊसमळ्यांवरच्या मजुरांच्या पिढ्यांची आहे, आणि मराठी वाचकाला ती मुळातून वाचता येते हा मोठाच फायदा. ती वाचण्याआधी मी मावशीला विचारत असे, 'तेव्हा आयुष्य कसं होतं?' ती म्हणे, 'कष्टाचं.' प्रश्न संपला. कादंबरी वाचून गेल्यावर मी विचारले, कॅम्पात पहाटे माणसांना उठवायला कोण यायचे? आजारी पडला तर खरेच आजारी आहे हे कोण ठरवायचे? किती घरांत एक भिंत? मावशीने हातातले काम बाजूला ठेवले. तिच्या आजीने सांगितलेली कॅम्पातली लांबलचक खोल्यांची ओळ, गवताचे छप्पर, पावसात सगळ्यांनी एकाच कोरड्या कोपऱ्यात सरकून बसणे, खारवलेली मासळी भातावर मोजून वाढणे, हे सगळे त्या दुपारी बाहेर आले. 'डबल कट' हा शब्द मी अनतांच्या नव्हे तर इतिहासाच्या पुस्तकात वाचला होता. एक दिवस कामावर गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असा तो नियम. हा शब्द मी उच्चारला तेव्हा मात्र मावशी काही बोलली नाही. त्याचे कारण पुढे येईल.

जहाजावरचे आयुष्य अमिताव घोष यांच्या 'सी ऑफ पॉपीज'मध्ये (२००८) भरपूर आहे. गाझीपूरजवळची दीती १८३८ साली इबिस जहाजावर चढते आणि काळे पाणी ओलांडते. मला मात्र या कथात्रयीतल्या दुसऱ्या कादंबरीची, 'रिव्हर ऑफ स्मोक'ची सुरुवात जास्त मोलाची वाटते. मॉरिशसच्या एका कोपऱ्यात कड्याच्या पोटात दीतीचे देवघर आहे. तिथल्या भिंतींवर तिने आपल्या सोबत्यांची चित्रे काढलेली आहेत, आणि दरवर्षी तिचा सगळा गोतावळा तिथे जाऊन त्या चित्रांच्या कहाण्या पुन्हा ऐकतो. लेखकाची कल्पना आहे, पण बेटावरच्या घरांत आठवण नेमकी अशीच राहते. ती वहीत नसते, एका जागेशी आणि वर्षातल्या एका दिवसाशी बांधलेली असते.

नताशा आपाना या मॉरिशसमध्ये जन्मलेल्या आणि फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या लेखिकेने तर दोन्ही वाटा चालून पाहिल्या. २००३ सालच्या तिच्या पहिल्या कादंबरीत १८९२ सालचा कलकत्त्याहून निघालेला प्रवास आहे. पूड्र-द-ऑर, म्हणजे सोन्याची भुकटी, हे बेटावरच्या एका खऱ्या गावाचे नाव तिच्या शीर्षकात आहे. दगडाखालच्या सोन्याची थापही त्यातच आली. त्यानंतर वीस वर्षांनी, २०२३ साली, तिने कादंबरी बाजूला ठेवून स्वतःच्या आजी-आजोबांवर आणि १८७२ साली आंध्रातून आलेल्या पूर्वजांवर पुस्तक लिहिले. आधी कल्पना, मग कागद. बहुतेक लोक उलट क्रमाने जातात. मला तिचा क्रम पटतो. कल्पनेने आधी घर उभे केले नसते तर कागदावरचा क्रमांक तिला इतका बोचला नसता.

आणखी एक लेखक इथे टाळता येत नाही, जरी त्याचे पूर्वज आमच्या पूर्वजांच्या समोरच्या बाजूला होते. ज्यां-मारी गुस्ताव ल क्लेझिओ, २००८ सालचे नोबेल विजेते. त्यांचे कुळ अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या ब्रिटनीहून मॉरिशसला आले. त्यांचे आजोबा रॉड्रिग्ज बेटावर लपवलेला खजिना शोधत राहिले. त्यावर ल क्लेझिओंनी १९८५ साली 'सोन्याचा शोधक' अशा अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली आणि पुढच्याच वर्षी रॉड्रिग्जला स्वतः जाऊन आलेल्याचा वृत्तांत छापला. आजोबा समजावेत म्हणून नातवाने आधी कादंबरी लिहावी आणि मग त्या दरीत स्वतः उतरून दगड तपासल्याचे सांगावे, असा हा प्रकार. कादंबरीची सुरुवात १८९२ सालची आहे आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेले भयंकर चक्रीवादळ त्यात आहे. नायकाचे बालपणीचे घर तामारँजवळ आहे. तामारँ माझ्या मावशीच्या गावाहून फार लांब नाही. म्हणजे डोंगर तेच, समुद्र तोच, वादळही तेच. गोऱ्या मुलाचे घर वादळात उद्ध्वस्त होते तेव्हा वाचकाचा जीव कळवळतो. त्याच रात्री कॅम्पातल्या गवती छपरांचे काय झाले असेल, हे मी कादंबरी मिटून मावशीला विचारले. तिच्या आजीच्या सांगण्यात त्या वादळाला नाव होते: 'मोठा वारा'. पोरांना धान्याच्या पिंपात बसवून वरून झाकण धरले होते म्हणे.

ल क्लेझिओंच्या १९९५ सालच्या कादंबरीत विलगीकरणाचे फ्लॅट बेट आहे. तिथे एका बाजूला गोरे प्रवासी, दुसऱ्या बाजूला हिंदी मजूर, मध्ये आखलेली रेघ. ही नुसती कल्पना नव्हे. १८५६ साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकी होती म्हणून माणसांना शेजारच्या गॅब्रिएल बेटावर पुरेशा निवाऱ्याविना उतरवून ठेवले. शेकडो मेली, आणि हिंदुस्थान सरकारने मॉरिशसची भरती काही काळ बंद केली. आमचा माणूस त्यानंतर तीनच वर्षांनी आला. विशेष म्हणजे 'लाल पसीना' २००१ साली फ्रेंचमध्ये आली तेव्हा तिला प्रस्तावना ल क्लेझिओंनीच लिहिली. ल क्लेझिओ कुळाची जुनी हवेली, युरेका, आता लोकांना पाहायला खुली आहे. ती मोक्यातच आहे, नोंदवह्यांच्या गावात.

या साऱ्या वाचनात एक गोष्ट मला सलत होती. मी वाचलेल्या एकाही कादंबरीत मुंबईचे जहाज मध्यभागी नाही. सगळे कलकत्त्याचे, फार तर मद्रासचे. भोजपुरीत बोलणारी माणसे, कालीमाईचे चौथरे, संध्याकाळच्या बैठका. रत्नागिरीचा माणूस कुठे आहे? तो कादंबरीत नाही, पण गणपतीच्या दिवसांत दिसतो. बेटावर गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. हेन्रिएटा गावी १८९६ साली पहिला गणपती बसला असे सांगतात. मावशीच्या गावात आरतीनंतर 'झाकरी' असते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसूच आले, कारण ती संगमेश्वर-लांजाकडची जाखडी होती. तोच गोल, तोच पायांचा ठेका. गाण्यात मात्र मधूनच क्रिओल शब्द येतात. लग्नाआधी गोंधळ घालतात. मावशी शेवग्याच्या पाल्याला 'ब्रेद मुरुम' म्हणते आणि कोथिंबिरीला 'कोतोमिली', पण 'वायच थांब' म्हणते, 'बापूस' म्हणते, 'आवस' म्हणते. तिच्या नातवंडांना शाळेत मराठी आहे, प्रमाण मराठी, 'वडील' आणि 'आई'. ती नातवंडे आजीचे मराठी सुधारायला जातात.

पण ही तक्रारही अर्धीच खरी निघाली. खापरपणजोबा एकटे आले होते. मुंबईच्या जहाजांतूनच काय, सगळ्याच जहाजांतून बायका फार कमी येत. मग त्यांनी लग्न कोणाशी केले? मावशीला नाव माहीत होते, गाव माहीत नव्हते. मोक्याच्या नोंदवहीत ते निघाले: जिल्हा सारण, म्हणजे बिहारचे छपरा. खापरपणजी कलकत्त्याच्या जहाजातून आली होती. आमच्या घराच्या मागच्या बाजूला, शेवग्याखाली, सात दगडांना शेंदूर लावलेला आहे. ते कोकणातले काही असावे असे आम्ही धरून चाललो होतो. ते दगड तिचे, कालीमाईचे. म्हणजे दीतीची कथा परक्या घरची नाही, निम्मी आमचीच आहे. मराठी म्हणवणाऱ्या बेटावरच्या किती घरांत अशी एक भोजपुरी बाई असेल, याचा कोणी अभ्यास केला तर मला वाचायला आवडेल.

आता सरदाराकडे येते. आजोळच्या दिवाणखान्यात शिवाजी महाराजांची तसबीर आहे आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगणे असे की आपला मूळपुरुष 'सरदार' होता. आईने पुण्यात हे लग्नाच्या बोलण्यांत सांगितले होते. ऐकणाऱ्यांनी जहागीर, घोडा, तलवार असे चित्र मनात उभे केले असणार. १८७३ साली खापरपणजोबांना मुलगा झाला. त्याच्या जन्मनोंदीत बापाचा व्यवसाय लिहिला आहे, आणि तिथे खरोखरच तो शब्द आहे: सिरदार. घरातल्यांनी काहीही रचलेले नव्हते. शब्द तोच राहिला, समुद्र ओलांडताना त्याचा अर्थ बदलला. मॉरिशसच्या मळ्यावर सिरदार म्हणजे मजुरांच्या टोळीवरचा मुकादम.

'लाल पसीना' वाचलेल्या माणसाला इथे थांबावे लागते. त्या कादंबरीत गोरा मालक लांब असतो. चाबूक, शिवी, खोटी हजेरी, ही रोजची मार ज्याच्या हातून बसते तो सरदार आपल्यातलाच असतो. वाचताना मी इतर कोणत्याही वाचकासारखी त्याचा तिरस्कार केला होता. आणि तो आमच्या कुळाच्या पहिल्या पानावर उभा होता.

इतिहासकारांचे चित्र थोडे वेगळे आहे. मरिना कार्टर यांच्या १९९५ सालच्या ग्रंथाच्या नावातच चाकर, सिरदार आणि स्थायिक असे तीन शब्द एका ओळीत आहेत. तो वाचला की सिरदार म्हणजे नुसता काठीवाला राहत नाही. तो टोळी जमवतो, करार संपला की ती मालकाशी पुन्हा बांधून देतो आणि त्याचे कमिशन घेतो. तो व्याजाने पैसे देतो. कधी परत गावी जाऊन स्वतःच्या नात्यातली माणसे भरती करून आणतो. मालकाच्या भाषेतला हुकूम तो मजुरांच्या भाषेत सांगतो, आणि मजुरांची तक्रार वर न्यायची की गिळायची हेही तोच ठरवतो. १८७१ साली ॲदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याच्या पुढाकाराने ९,४०१ जुन्या आप्रवाशांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. करार संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला पास घेऊन फिरावे लागे. तो नसला की भटक्या ठरवून तुरुंग. अशा गाऱ्हाण्यांचा तो अर्ज. त्यावरून राजआयोग नेमला गेला, १८७५ साली त्याचा अहवाल आला आणि मळ्यांवरच्या पगारकपातीचे वास्तव छापील कागदावर उतरले. त्या ९,४०१ जणांत आमचे नाव आहे का, हे शोधायची मला आधी उत्सुकता होती. जन्मनोंद पाहिल्यानंतर ती कमी झाली.

गेल्या खेपेला मी मावशीला सरळ विचारले. गावात ओढ्यापलीकडे एक मराठी घर आहे. त्यांच्याकडे आमचे जाणे-येणे नाही. त्यांची माणसे आमच्या गणपतीला येत नाहीत, आमची त्यांच्या गोंधळाला जात नाहीत. लहानपणी विचारले की 'जुनं आहे' एवढेच उत्तर मिळे. त्या घरातली मुलगी शाळेत मराठी शिकवते, माझ्या मामेबहिणीची मैत्रीण आहे. तिने मला त्यांच्या बाजूची गोष्ट सांगितली. तिच्या पणज्याच्या बापाला ताप होता. सिरदाराने गैरहजेरी लावली. एकास दोन असे दिवस कापत गेले, महिन्याअखेर हातात काही आले नाही. तो कॅम्प सोडून गेला, पकडला गेला, तुरुंगात गेला. सुटून आला तो खोकत आला. त्यांच्या घरात आमच्या मूळपुरुषाचे नाव घेत नाहीत. 'काठीवाला' म्हणतात.

मावशीने ऐकून घेतले. तिला ही गोष्ट नवी नव्हती. मग ती म्हणाली, 'मारलान असेल गो. नाय कोण म्हणतो? पण जमीन घेतलान. जमीन घेतलान म्हणून माझा बापूस शाळेत गेला. बापूस शाळेत गेला म्हणून तुझी आवस पुण्यास गेली. तू काय वरतून पडलीस?'

मावशीच्या या हिशेबाला इतिहासाचा आधार आहे. साखरेचे भाव पडले आणि मळेवाले अडचणीत आले तसे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्यांनी मळ्यांच्या कडेच्या जमिनी तुकडे करून हप्त्यांवर विकायला काढल्या. या विक्रीला 'मोर्सेलमाँ' म्हणतात. बेटावरच्या हिंदी माणसाच्या हातात जमीन आली ती मुख्यतः यातून. ज्यांच्या गाठी रोख पैसा होता त्यांनाच ती घेता आली, आणि रोख पैसा मुकादमाकडे, दुकानदाराकडे, सावकाराकडे होता. रिचर्ड ॲलन यांनी या व्यवहारांचा बारकाईने अभ्यास केला आहे. आमच्या घरचे खरेदीखत तीन अर्पांचे आहे. अर्पां म्हणजे एकराहून किंचित जास्त. मजुराच्या महिना पाच-सहा रुपयांतून तीन अर्पां जमीन होत नाही, हे समजायला इतिहासकार लागत नाही. कमिशन, व्याज, आणि कापलेल्या दिवसांतला काही वाटा, यांतले किती कशाचे ते खरेदीखतात लिहिलेले नसते.

कादंबरीला खलनायक लागतो, घराला मूळपुरुष लागतो. दोघेही आपापल्या सोयीचा तुकडा उचलतात. पण माझ्यासमोर जे दोन तुकडे आले ते दोन कुटुंबांनी सव्वाशे वर्षे वेगवेगळे जपले होते. भेटी झाल्या नसत्या तर मला एकच मिळाला असता. नोंदवहीतला भुवईवरचा व्रण मी पुन्हा काढून पाहिला. तो १८५९ सालचा आहे, म्हणजे काठी हातात येण्याच्या आधीचा. कोणी मारले होते त्याला, रत्नागिरीत की जहाजावर, की पडला होता? कादंबरीकार इथून पुढे लिहू शकेल. मला ते करता येणार नाही, आणि हा व्रण सबब म्हणून वापरायचीही माझी इच्छा नाही.

ओढ्यापलीकडच्या घराकडे त्यांच्या माणसाचा क्रमांक नाही. तो सुटून आल्यानंतर किती वर्षे जगला, पुन्हा करारावर गेला का, हे त्यांना ठाऊक नाही. मोक्याच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात कधी कधी असे काही लिहिलेले सापडते. मी त्यांची वंशज नसल्याने तो अर्ज मला करता येत नाही. शाळेतल्या त्या मुलीने या गणपतीनंतर स्वतः केला आहे. अर्जात पूर्वजाचा मळा कोणता आणि साधारण कोणती वर्षे, हे भरावे लागते. ती माहिती त्यांच्याकडे नव्हती. आमच्याकडे होती, जन्मनोंदीत आणि खरेदीखतात. मावशीने दोन्ही कागदांच्या प्रती काढायला दिल्या, आणि प्रती पोचवायला नातवाला ओढ्यापलीकडे पाठवले. ती स्वतः गेली नाही.